संशयाला कायद्याचे बळ

विशेष जनसुरक्षा विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत मंजूर झाले. २८८ जणांच्या सभागृहात ठाम विरोध नोंदवला तो माकपचे आमदार विनोद निकोले यांनी एकट्याने. यवतमाळ जिल्ह्याचे सात आमदार तेव्हा काय करत होते? दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण तोवर वेळ निघून गेली होती.

जंगलातला नक्षलवाद दोन तालुक्यांपुरता उरला, असे सरकारच सांगते. मग हा कायदा कशाला? तर म्हणे, नक्षलवाद शहरांत शिरला, संस्थांत शिरला. शिरला असेल तर कोर्टात सिद्ध करा, त्यासाठी केंद्राचा यूएपीए कायदा आहेच. इथे सरकारला नुसता संशय पुरतो. संघटना बेकायदा ठरवायची, सदस्यांना तीन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकायचे, गुन्हा अजामीनपात्र. विधेयकावरच्या चिकित्सा समितीने ‘कडव्या डाव्या’ संघटना असे शब्द घातले खरे. पण कडवा कोण, हे पहिल्यांदा ठरवणार सरकारच!

अमेरिकेने हे भोगले आहे. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात २०५ कम्युनिस्ट असल्याचे जाहीर केले. आकडा पुढे ५७ झाला, मग ८१. सिद्ध काहीच झाले नाही, माणसे मात्र नोकरीतून उठली. १९५४ मध्ये सिनेटने त्यांचा निषेध केला, तोवर कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले होते. ‘शहरी नक्षल’ हा शिक्का त्याच जातीचा आहे.

यवतमाळकरांना भीतीचे राजकारण नवे नाही. जानेवारी २०१९ मध्ये इथल्या साहित्य संमेलनाने एक्क्याण्णव वर्षांच्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण गोंधळाच्या भीतीने मागे घेतले. त्यांच्या जागी उद्घाटनाला उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. त्या मंचावरून शेतमालाच्या भावावर बोलल्या, विधवांच्या वाट्याला येणाऱ्या जिण्यावर बोलल्या. प्रश्न विचारणारी माणसे अशीच असतात. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने आपली माणसे दगावली, तेव्हा जाब विचारायला रस्त्यावर उतरलेलेही असेच होते. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवणाऱ्यांवर उद्या हाच शिक्का बसला, तर जामिनाला कोण धावणार? आज गप्प बसलेले आमदार?

वाचकहो, आपल्या आमदाराला गाठा आणि १० जुलैला सभागृहात तो काय बोलला, ते विचारा.