तापातली आकडी : रोजचे औषध हवेच का?

रात्री मुलाला ताप चढतो. डोळे पांढरे होतात, हातपाय झटके देऊ लागतात, दातखीळ बसते. घरातले कुणी कांदा हुंगवते, कुणी तोंडात चमचा घालते. अष्टमीहून रिक्षाने कुंडलिकेचा पूल ओलांडून रोह्याच्या सरकारी रुग्णालयात पोहोचेपर्यंत बहुतेक वेळा आकडी थांबलेली असते. आईवडिलांची मागणी मात्र एकच असते : ‘पुन्हा येऊ नये म्हणून काहीतरी औषध द्या.’

ही भीती समजण्यासारखी आहे, पण रोजचे औषध हे तिच्यावरचे उत्तर नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. त्यांतल्या साधारण एकतृतीयांश मुलांना ती पुन्हा येते; पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल, तर जवळपास निम्म्यांना. मात्र साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही. पुढे अपस्मार जडण्याचे प्रमाणही शंभरात एक-दोन इतकेच असते.

उलट औषधाची किंमत मुलाला मोजावी लागते. फेनोबार्बिटोन वर्षानुवर्षे दिले गेले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांनंतर या औषधाच्या गटातील मुलांचा बुद्ध्यांक दुसऱ्या गटापेक्षा सरासरी आठ गुणांनी कमी आढळला. आकडीही फारशी टळली नव्हती. व्हॅलप्रोएट लहान मुलांच्या यकृताला घातक ठरू शकते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये साध्या आकडीसाठी प्रतिबंधक औषध नको, असा स्पष्ट सल्ला दिला.

पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, आकडी टळतेच असे नाही. म्हणून ‘औषध वेळेवर दिले नाही’ असा दोष आईला देणे चुकीचे आहे.

आकडी वारंवार किंवा लांबलेली येत असेल, तर आपल्याकडे तापाचे पहिले दोन-तीन दिवसच क्लोबाझाम देतात. त्याने गुंगी येते, चालताना तोल जातो. शिवाय त्या गुंगीआड मेंदूज्वराची सुस्ती लपू शकते. म्हणून हे औषध डॉक्टरांनी वजन पाहून ठरवावे. शेजारच्या मुलाची चिठ्ठी दाखवून ते आणू नये.

आकडी आली की मुलाला जमिनीवर कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत. तोंडात पाणी, चमचा, बोट काहीही घालू नये. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, तर डॉक्टरांनी आधी दिलेला व शिकवलेला मिडाझोलामचा फवारा नाकात मारावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. चोवीस तासांत दुसरी आकडी, शरीराच्या एकाच बाजूला झटके, मान ताठणे, शुद्धीवर न येणे किंवा सहा महिन्यांखालील वय, यांपैकी काहीही असल्यास लगेच रुग्णालय गाठावे. आकडी आपोआप थांबली तरी पहिल्या खेपेला तापाचे कारण तपासून घ्यावेच.

बाटलीभर औषध लिहून देणे डॉक्टरांना सोपे जाते. हे सारे समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. प्रत्येक सरकारी दवाखान्यात मुलाला घरी सोडण्याआधी ती पाच मिनिटे दिली गेली पाहिजेत. आशासेविका आणि अंगणवाडीताईंनाही ही माहिती हवी, कारण आकडी रात्री घरात येते आणि तेव्हा डॉक्टर जवळ नसतो.