खोपोलीचे नळ आणि गच्चीवरची टाकी

पालकहो, सौर, पवन, जल ही ऊर्जेची नावे आपली मुले पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. वीज कुठे तयार होते हे त्यांनी पाहिलेलेच नसते. सीवूड्सच्या मॉलमध्ये चौघांनी नुसते फिरून यायचे म्हटले तरी खिशाला किती चाट बसते, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याऐवजी एक रविवार खोपोलीला काढावा. हार्बर लोकलने पनवेल, तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने एस.टी. भाकरी-चटणी घरूनच बांधून घ्यावी.

खोपोलीतून घाटाकडे पाहिले की डोंगरावरून उतरणारे प्रचंड नळ दिसतात. टाटांचे हे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी या नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली येते आणि टर्बाइनचे चाक फिरवते. केंद्राच्या आत जायला परवानगी लागते, पण मुलांना समजवायला बाहेरून दिसते तेवढे पुरे. कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या मुंबईच्या कापड गिरण्यांना ही वीज मिळू लागली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा त्याच गिरण्यांत राबले. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र अस्पृश्य म्हणून त्यांना घेत नसत. तेही मुलांना सांगावे.

आता थोडा हिशेब. कारकुनाला त्याशिवाय चैन पडत नाही! गच्चीवरची काळी टाकी हजार लिटरची धरू. चार मजली इमारतीवरून तेवढे पाणी खाली सोडून वीज केली, तर घरातला पंखा जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे फिरेल. तेच हजार लिटर पाणी खोपोलीच्या उंचीवरून आले, तर साधारण सव्वा युनिट वीज होते आणि तोच पंखा सोळा तास चालतो. पाणी तेवढेच, फरक फक्त उंचीचा. सहावी-सातवीचे मूल हे गणित स्वतः करू शकते. शिवाय पाणी संपत नाही. ते पुढे पाताळगंगेला मिळते आणि पावसाळ्यात तलाव पुन्हा भरतात. कोळसा जळला की राख. ‘अक्षय’ या शब्दाचा अर्थ मुलाला तिथे कळतो.

मात्र ही वीज फुकट असते असे मुलांना सांगू नये. पलीकडे भिरा येथे 1927 साली वीज केंद्र सुरू झाले. त्यासाठी मुळशीचे धरण बांधताना शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, तरीही धरण झालेच. आपण राहतो ते सीवूड्सही करावे-दारावे परिसरातील गावांच्या जमिनींवरच उभे आहे. वीज कुणाच्या घरी पोचली आणि किंमत कुणी मोजली, हा प्रश्न मुलांनी विचारायला शिकले पाहिजे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते आणि विजेचे धोरणही त्यांच्याकडेच होते. गरिबी हटायची तर उद्योग वाढले पाहिजेत आणि त्यासाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, असा त्यांचा आग्रह होता.

घरी परतल्यावर दुसरा धडा गच्चीवर घेता येईल. एक किलोवॅटच्या सौर पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी. 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक विजेसाठी, म्हणजे जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप यांसाठी, किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सभेत हा विषय काढायला हरकत नाही. आय.टी.आय.मध्ये आता सोलर टेक्निशियनचा ट्रेडही आहे. दहावीनंतर काय, हा घोर लागलेल्या आईवडिलांनी चौकशी करावी.

सभेआधी मुलांना खडू देऊन गच्चीवर पाठवावे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता टाकीची व कठड्याची सावली कुठवर येते, ते त्यांनी आखावे. दिवसभर उन्हात राहिलेली जागा टेपने मोजून चौरस फूट वहीत लिहावेत आणि ती वही सभेला न्यावी.