गातो तो, गाते ती नव्हे

निबंधात आपण ‘कोकिळा गाते’ असे बिनदिक्कत लिहितो आणि गुणही मिळवतो. वास्तविक ‘कुहू’ करतो तो काळाभोर नर. ठिपकेदार मादी नुसती ‘किक्-किक्’ करते. चूक लहान, पण आपण कान बंद ठेवून शिकतो याची ती साक्ष आहे.

माझे आजोबा शाळेत गेले नाहीत. पण पावसाळ्याच्या तोंडावर पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणू लागला की ते पाभर दुरुस्तीला काढीत. हिवाळ्यात हा पक्षी बहुधा मुकाच असतो. म्हणून त्याच्या हाकेला अर्थ! मी मात्र पदवीच्या वर्गात येऊनही कोकीळ कोणता आणि पावशा कोणता, हे परवापर्यंत सांगू शकत नव्हतो. याची मला लाज वाटते.

सलीम अलींनी १९४१ च्या आपल्या पुस्तकात पक्ष्यांच्या रंगाबरोबर आवाजही नोंदवले. ते जरूर वाचावे. पण सोबत एक वही ठेवावी. कोणता आवाज कोणत्या तारखेस प्रथम ऐकला, एवढेच तीत लिहावे. आफ्रिकेतून पावसाबरोबर येणाऱ्या चातकाची तारीखही तीत पडेल. परीक्षेत याला गुण नाहीत, हे खरे. पण आजोबांची विद्या आपल्या पिढीत बुडाली, तर तो नापासाचा शेरा कोणाच्या नावावर पडणार?