बेलीफ परवडला

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, कर्ज काढलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. हप्ते थकवले तेव्हाही विचारलं नाही. अर्जावर कायमचा पत्ता लिहायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना उल्हास नदीकाठच्या हेंद्रेपाड्यातलं आमचं तळमजल्यावरचं घर आठवलं. या घरात ते लग्नाआधी चार वर्षं राहिले, मग दिवाळीपुरते यायचे, हल्ली दिवाळीलाही येत नाहीत. त्यांच्या नावाने येतात ते वसुलीवाले. महिन्यातून दोनदा, नेमाने, एकादशीसारखे.

दोन पोरं, एक मोटारसायकल, पाठीला सॅक, गळ्यात पट्टा. पट्ट्याच्या टोकाचं ओळखपत्र शर्टाच्या खिशात दडवलेलं. हातातल्या कागदावर आमचा पत्ता खोली क्रमांकासकट छापलेला असतो, तरी ती आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारतात. मग वॉचमनला. मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतात आणि तळमजल्यावर कोण राहतं याची चौकशी करतात. आमची इमारत काही भुलभुलैया नाही. पण माझ्या दारापर्यंत पोचायच्या आत माझं नाव चार दारांपर्यंत पोचलं पाहिजे, हे त्यांचं खरं काम. पैसे मागणं नंतरचं.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांनी मला एक कागद दिला. वर तराजूचं चित्र, खाली लाल अक्षरात 'अंतिम सूचना'. कोर्टाचं नाव नाही, दाव्याचा नंबर नाही, सहीच्या जागी गिचमिड. मी २८ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे नजर आधी नको तिथे गेली: 'जप्ती'चं 'जफ्ती' केलं होतं. दहशत बसवायची तर निदान शुद्धलेखन तरी तपासून घ्यावं. मोठा पोरगा म्हणाला, "काकू, उद्या उल्हासनगरच्या कोर्टातून बेलीफ घेऊन येतो. मग सामान बाहेर निघेल." धाकट्याची नजर माझ्या मंगळसूत्रावर होती. "गळ्यातलं आहे की," तो म्हणाला. अगदी सहज, जशी बाजारात मेथीची जुडी दाखवावी.

तेव्हा ठरवलं, हा बेलीफ नावाचा बागुलबुवा एकदा नीट बघूनच घ्यायचा.

बघितला, आणि माझं मत असं झालं की खरा बेलीफ शंभरदा परवडला. तो येण्याआधी कुणीतरी दावा लावावा लागतो, समन्स निघावं लागतं, हुकूमनामा व्हावा लागतो, मग दरखास्त, मग वॉरंट. तोवर कर्जदाराचे केस पांढरे होतात. वॉरंटावर नाव असतं आणि ते भाऊजींचं असेल, माझं नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६२वं कलम सांगतं की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी राहत्या घरात शिरायचं नाही. ६०वं कलम तर मी दोनदा वाचलं. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावायचा नाही. कारागिराची हत्यारं घ्यायची नाहीत. आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिनाही घ्यायचा नाही. इंग्रज सरकारने, ज्याला आम्ही वर्गात जुलमी म्हणून शिकवत आलो, त्याने कर्जदाराच्या बायकोचं मंगळसूत्र सोडलं होतं. सॅकवाल्या पोराने कर्जदाराच्या भावजयीचंसुद्धा सोडलं नाही. बरं, बेलिफाने चुकून माझा फ्रिज उचललाच, तर 'ही वस्तू माझी, ऋणकोची नव्हे' असा अर्ज त्याच कोर्टात देता येतो आणि कोर्टाला त्यावर निर्णय द्यावा लागतो. या पोरांविरुद्ध अर्ज द्यायचा कुठे? टपरीवर?

म्हणजे ज्याच्या नावाने भीती दाखवली जाते त्याला वेळकाळ आहे, कागद आहे, हद्द आहे. भीती दाखवणाऱ्याला यातलं काहीच नाही. त्याच्याजवळ एकच अधिकार असतो, आणि तो आपण त्याला दारात उभ्या उभ्या देतो.

आता कुणी म्हणेल, काकूंना दिराची बाजू घ्यायची आहे. मुळीच नाही. भाऊजी धुतल्या तांदळाचे नाहीत. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळतं म्हणून त्यांनी कर्ज घेतलं, ते फेडायला दुसरं घेतलं. त्यांच्यावर खुशाल दावा लावा, त्यांचा पगार जप्त करा, मी साक्षीला येते. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या कर्जाला त्यांनी काय तारण दिलं होतं ते बघा. काहीच नाही. मग वसुलीच्या वेळी अचानक तारण कुठून उगवलं? तर माझी अब्रू. ती गहाण ठेवायला भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं आणि घ्यायला कंपनीला कुणी परवानगी दिली नव्हती.

खरी वसुली काय असते ते आम्ही पाहिलेलं आहे. आमचे हे एका सहकाऱ्याला पतपेढीत जामीन राहिले होते. चहा पिता पिता सही केली, घरी येऊन सांगितलंसुद्धा नाही. सहकाऱ्याने हात वर केले आणि एक दिवस पतपेढीचा वसुली अधिकारी सहकार कायद्याच्या कलम १०१चा दाखला घेऊन आला. दुपारी आला, नाव सांगितलं, कागद टेबलावर ठेवला, पाणी प्यायला. यांचा चेहरा पडला, मी दोन दिवस बोलले नाही, पण भांडायला जागाच नव्हती. करार कायदा १८७२ सालापासून सांगतोय की ऋणकोची जेवढी जबाबदारी तेवढी जामीनदाराची. सही आमची होती. १४ महिने पगारातून कापून घेतले. आजही मी कुणाला जामीन राहू देत नाही, आणि ज्यांना राहायचं असेल त्यांनी आधी बायकोला विचारावं. पण त्या प्रकरणात आमची बेअब्रू झाली नाही. शेजारणीला कळलं ते मी सांगितलं म्हणून.

भाऊजींच्या कागदावर ना यांची सही, ना माझी. आम्ही सहकर्जदार नाही, जामीनदार नाही. तरी फोन मला, यांना, आणि पनवेलच्या माझ्या मावसबहिणीलाही, जिने भाऊजींना एका बारशात पाहिलंय फक्त. तिचा नंबर कुठून मिळाला? भाऊजींच्या मोबाइलमधल्या यादीतून, ॲपने उचललेला. कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्ये बजावून ठेवलेलं आहे. बजावून ठेवायला रिझर्व्ह बँक फार तत्पर. त्याच वर्षी १२ ऑगस्टला तिने असंही बजावलं की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, चारचौघांत अपमान करू नये, कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसू नये. महिनाभराने झारखंडात हजारीबागला थकलेल्या हप्त्यापायी ट्रॅक्टर ओढून नेताना एक गरोदर शेतकरीकन्या त्याखाली चिरडून मेली. मग रिझर्व्ह बँकेने ते कर्ज देणाऱ्या महिंद्रा फायनान्सला बाहेरची माणसं लावून वसुली करायला बंदी घातली, आणि पुढच्या जानेवारीत ती उठवलीही. त्याआधी, २००७ साली, सर्वोच्च न्यायालय बँकांना सांगून चुकलं होतं की वसुलीला गुंड पाठवू नका. इतक्यांदा सांगावं लागतं, याचा अर्थ ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही असा नसतो. त्याला ते परवडत नाही.

आणि घरच्यांच्या मानेवर कर्ज टाकायची ही खोड काही मोबाइलबरोबर आलेली नाही. मुंबई इलाख्यात एकेकाळी बापाने एक दमडी मागे ठेवली नसली तरी मुलगा-नातू त्याच्या कर्जाला बांधील धरला जाई. १८६६ साली त्यासाठी खास कायदा करावा लागला: वारसाला मिळालं असेल तेवढ्यापुरतीच जबाबदारी, त्यापलीकडे नाही. त्याच कायद्यात आणखी एक गंमत आहे. विधवेशी लग्न करणाऱ्या नव्या नवऱ्याकडून तिच्या मेलेल्या नवऱ्याचं कर्ज मागू नये, असंही लिहावं लागलं. विधवाविवाहाचा कायदा होऊन दहाच वर्षं झाली होती. हिंमत करून कुणी लग्न केलं की वऱ्हाडाच्या मागोमाग सावकार येत असणार, नाहीतर हे कलम कशाला? पुढे १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे चव्हाट्यावर जाळले, तेव्हा कुठे सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. आता जाळायला वहीदेखील नाही. वही सर्व्हरवर, सर्व्हर कुठे ते कंपनीलाच ठाऊक.

पण मला सगळ्यांत जिव्हारी लागलेली तारीख दुसरीच. २६ जुलै २००५ला उल्हास नदी आमच्या घरात शिरली. गहू, गाद्या, मुलांची दप्तरं, सासूबाईंची पोथी, सगळं गेलं. पुढचा दीड महिना आम्ही भिंती पुसत होतो. ९ सप्टेंबरला, घराला अजून ओल होती तेव्हा, दिल्लीत हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती अमलात आली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मिळाला एवढं सगळ्यांना माहीत आहे. त्याच सहाव्या कलमात चौथं पोटकलम आहे: त्या दिवसापासूनच्या कर्जासाठी, वाडवडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं, नातवाचं, पणतवाचं धार्मिक कर्तव्य आहे एवढ्याच आधारावर कोणत्याही कोर्टाने वसुलीचा हक्क मान्य करायचा नाही. बापाचं कर्जसुद्धा निव्वळ धर्माच्या नावाने मुलाच्या डोक्यावर बसत नाही. दिराचं भावजयीवर बसावं असं तर कुठल्या पोथीत मला सापडलं नाही. सासूबाईंची वाहून गेली, त्यात असेल तर ठाऊक नाही.

सॅकवाल्या पोराने सहावं कलम वाचलेलं नाही, पण त्याला आपली नाडी ठाऊक आहे. ऋण फेडल्याशिवाय सुटका नाही, हे कीर्तनात ऐकत वाढलेली माणसं आपण. कोर्टाने सोडलेलं कर्तव्य आपण उंबऱ्यावर पुन्हा उचलून घेतो. आमचे हेच बघा. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "बारा हजारांत मिटवतो म्हणतायत. मुदतठेव मोडू." मी म्हटलं, मोडा, पण मग पुढच्या वेळी त्यांना जेवायलाच वाढावं लागेल, कारण एकदा दिलं की हे देणारं घर ठरतं.

'मिटवून टाका'. या दोन शब्दांवर हा सगळा धंदा उभा आहे. कंपनी म्हणते मिटवून टाका, पोरं म्हणतात मिटवून टाका, आणि आमचे सोसायटीचे सेक्रेटरीही तेच म्हणाले. ग्रुपवर आधी कुणाचं नाव न घेता 'इमारतीत अनोळखी व्यक्तींचा वावर वाढला आहे' असा मजकूर, खाली हात जोडल्याच्या सहा खुणा. मग जिन्यात गाठून, आवाज खाली आणून, "वहिनी, काय ते मिटवून टाका ना." वसुलीवाल्याला कमिशन तरी मिळतं. सेक्रेटरी त्याचं काम फुकट करतात.

हीच माणसं २०१९च्या जुलैमध्ये वेगळी होती. महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं; त्या वेळी आम्ही तळमजल्यावरचे वरच्या मजल्यांवर होतो. कुणी खिचडी केली, कुणी कोरडं लुगडं दिलं, सेक्रेटरींनी स्वतः सासूबाईंना पाठकुळी वर नेलं. पाणी आलं तेव्हा या इमारतीतली दारं उघडली. वसुलीवाले आले तेव्हा फटी उघडल्या. नदीने बुडवलं तर माणूस बिचारा, हप्त्याने बुडवलं तर बदनाम. आणि पुरानंतरचा फ्रिज, गादी, कपाट कुणी रोखीने घेतलं होतं, हे जरा प्रत्येकाने आपापल्या कपाटाला विचारावं.

त्या पोरांवर माझा राग कमी आहे. एकाला मी विचारलं, प्रशिक्षण झालंय का? वसुली एजंटाला शंभर तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा असते म्हणतात. तो हसला. त्याच्या मोटारसायकलचा हप्ता माझ्या दिरांच्या हप्त्यावर चालतो. भाऊजी थकले की तो थकणार, मग त्याच्या काकूच्या दारात दुसरी सॅक.

कंपनीला मी रीतसर पत्र लिहिलं. आम्ही कर्जदार नाही, जामीनदार नाही, यापुढे या पत्त्यावर माणूस पाठवू नये, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. उत्तर आलं: 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' त्यानंतरच्या रविवारी पोरं हजर. संध्याकाळचे सव्वासात.

मी दार उघडलं, पण नेहमीसारखं आत बोलावलं नाही. नेहमी मीच घाईने आत घ्यायचे, कुणी बघू नये म्हणून. आधी खिशातलं ओळखपत्र बाहेर काढायला लावलं, कंपनीचं अधिकारपत्र मागितलं. ते नव्हतं. मग भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून दारात आणलं आणि दुधाच्या खाड्यांच्या रकान्यात नाव आणि वेळ लिहायला घेतली.

"काय लिहिताय काकू?"

"तुझी हजेरी. सातनंतर आलास."

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनींची पावलं थांबली होती. मी वर्गात वापरायचे तो आवाज लावला. "वहिनी, या ना खाली, लपून कशाला ऐकताय? आमच्या भाऊजींनी कर्ज बुडवलंय, त्यांचे वसुलीवाले आलेत. आमची सही कुठे नाही, आम्ही पैसे देणार नाही. चहा टाकते, घेणार का?"

पोरं चहाला थांबली नाहीत. वहिनीही तेव्हा खाली आल्या नाहीत. आल्या त्या रात्री साडेदहाला, पदर डोक्यावरून घेऊन, आणि आल्या आल्या त्यांनीच आमचं दार लोटून घेतलं. बराच वेळ पाऊस, गॅस सिलिंडर, सुनेचं डोहाळजेवण असं चाललं. मग माझ्या कालनिर्णयाकडे बघत हळूच म्हणाल्या, "ते सातनंतर येता येत नाही म्हणालात ना, ते जावयाच्या कर्जालाही लागू असतं का हो?"