दोषदर्शन कीं मार्गदर्शन?

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका मुलानें हिमालयांत काढलेलें हिमवृष्टीचें छायाचित्र मोठ्या उत्साहानें मला दाखविलें. "हा बर्फ कीं चुलींतली राख?" असें मीं हंसून म्हटलें. त्यानंतर त्यानें मला एकही चित्र दाखविलें नाहीं. चित्रांतील दोष खरा होता. परंतु माझें बोलणें व्यर्थ होतें.

कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक समोरचें दृश्य मध्यम करड्या छटेचें आहे असें धरून चालतो. म्हणून शुभ्र बर्फही मळकट उमटतो. "प्रकाश दुप्पट घेऊन पाहा," एवढें सांगितलें असतें तर पुढचें चित्र उजळलें असतें. पावसाचेंही तसेंच. "पाऊस कोठें दिसतो?" असें कोणीही विचारील. "मागें काळोखी झाडी असूं दे, उजेड धारांच्या पलीकडून येऊं दे," असें जो सांगतो, तोच खरा मित्र होय.

अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत विल्सन बेंटले नांवाचा शेतकरी होऊन गेला. १८८५ सालीं त्याला हिमकणाचें पहिलें छायाचित्र साधलें. त्यापूर्वीं त्याचे कित्येक प्रयत्न फसले होते. पुढें त्यानें अशीं पांच हजारांवर चित्रें घेतलीं. फसलेल्या प्रयत्नांतच पुढील यशाचें बीज असतें.

म्हणून, मित्रहो आणि पालकहो, चित्रांतील एक गुण नेमका सांगावा, दोषाचें कारण सांगावें, आणि उपाय सुचवावा. त्या मुलाची मीं क्षमा मागितली आहे. यंदाच्या पावसांत तो पुन्हां कॅमेरा हातीं घेईल, अशी आशा आहे.