छपराचे काम कोणाच्या हाती द्यायचे?

होळीला मजुरीवरची माणसे गावी परततात आणि सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून घरांची कामे निघतात. जूनच्या पहिल्या पावसापर्यंतचे अडीच-तीन महिनेच काय ते हातात असतात. याच दिवसांत पत्रे मारून देणारे ठेकेदारही गावोगाव फिरू लागतात. शेतीच्या पानावर छपराचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण पुढच्या पेरणीचे बी ज्या कणगीत असते ती कणगी छपराखालीच असते ना! ज्वारी-मक्याचे बी ओल धरते, उगवण कमी होते, आणि दुबार पेरणीचे खापर मात्र पावसावर फुटते.

अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीला छपराची किंमत वेगळी सांगायला नको. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातले जे गाव सर्वांत आधी गाठले ते हेच, १९९३ साली. त्या काळात उठावे लागलेल्या कुटुंबांनी सागाचे खांब, वासे, कौले उकलून सोबत नेली आणि नव्या ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले. जुने घर असे उकलून नेता येत होते, कारण ते गावानेच उभे केलेले असे. लाह पद्धतीने शेजारीपाजारी जमायचे, घरधन्याने जेवण द्यायचे, मजुरीचा प्रश्न नाही. काम कच्चे राहिले तर करणारा शेजारच्याच पाड्यावर राहत होता. पळून जाणार कुठे? हीच त्या कामाची हमी होती. आता पत्रे आले, लोखंडी पाइप आले, वेल्डिंग आले आणि काम बाहेरच्या माणसाकडे गेले. म्हणून ठेकेदार निवडताना दरापेक्षा मोठा प्रश्न हा, की ऑगस्टमध्ये घर गळू लागले तर हा माणूस सापडेल का?

घरकुलाच्या लाभार्थ्यांनी आधी एक नियम नीट समजून घ्यावा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण ही २०१६ पासूनची योजना. साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये असे तिचे मूळ अर्थसहाय्य ठरले. ही रक्कम हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या खात्यावर येते. घर लाभार्थ्याने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधायचे, त्यासाठी खात्याने ठेकेदार नेमायचा नाही, असे मार्गदर्शक सूचनाच सांगतात. गवंडी, सुतार, पत्रे मारणारा मिस्त्री आपण लावू शकतो, पण मालक आपणच. तेव्हा "साहेबांनी मलाच काम दिले आहे" असे म्हणत कोणी आला तर त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवा. पासबुक, एटीएम कार्ड, कोरा सही-अंगठा कोणाच्याही हाती देऊ नये. हप्ता उचलून अर्ध्यावर सोडलेली घरे आपल्याला ठाऊक आहेत. पुढचा हप्ता कामाचा फोटो पाहून मिळतो. काम थांबले की पैसेही थांबतात आणि घरचे लोक ताडपत्रीखाली पावसाळा काढतात.

मिस्त्रीची पारख त्याच्या मोबाइलमधल्या फोटोवरून होत नाही. किमान एक पावसाळा खाल्लेले त्याचे काम बघायला जा. भर दुपारी त्या घरात उभे राहून वर पाहा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो तिथूनच पाणी येते. घरातल्या बाईला विचारा, मागच्या श्रावणात भांडी कुठे कुठे ठेवावी लागली. पुरुष मंडळी संकोचाने "बरं आहे" म्हणतील, बाई खरे सांगेल.

आता मालाचे. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग, लॉट नंबर आणि पावती पाहतो. पत्र्याला तोच न्याय लावा. पत्रा ०.५० मि.मी. जाडीचा सांगून ०.३५ चा टेकवणे ही जुनीच हातचलाखी, डोळ्यांना फरक कळत नाही. काट्यावर मात्र कळतो. साडेतीन फूट रुंद, १० फूट लांब पत्रा ०.५० चा असेल तर साधारण १४ ते १५ किलो भरतो, ०.३५ चा १० किलोच्या आसपास. कापूस मोजायचा काटा गावात असतोच, त्यावर दोन पत्रे चढवा. ठेकेदाराला राग आला तर तेही उत्तरच समजा.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. वळचणीखालून आणि कुडाच्या भिंतीतून आत शिरतो, खालून रेटतो, वरून ओढतो. म्हणून वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना स्क्रू जास्त लागतात. आणि नेमके तिथेच ते वाचवले जातात! स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, रबरी वायसरसह बसवावा. पन्हळीत मारला तर पाणी त्यावरूनच वाहते. हातोड्याने ठोकलेला स्क्रू धरत नाही. खालच्या-वरच्या पत्र्याची चढण किमान ६ इंच हवी. बाजूच्या जोडाचे तोंड पावसाळी वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावे, त्यासाठी काम वारा जिकडे जातो त्या टोकाकडून सुरू करावे लागते. हे मिस्त्रीला सहज विचारा. माहीत असेल तर लगेच सांगेल. पत्र्यावर दगड ठेवून समाधान मानू नका, वादळात तेच घरंगळून खाली माणसावर येतात. जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील तर फोडू किंवा कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. आणि चांगली कौले असतील, शाकारणी करणारा हात घरात असेल, तर पत्र्याचा हट्ट कशाला? माकडांचा त्रास आहे खरा, पण उन्हाळ्यात कौलाखाली झोप लागते.

व्यवहार साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या. पत्र्याची जाडी आणि नग, स्क्रूसह एकूण दर, काम पुरे करण्याची तारीख, पोलीस पाटलाची साक्ष. मणिबेलीसारख्या ठिकाणी माल डोंगरवाटेने वा बोटीने येतो. ती वाहतूक दरात धरली की नाही हे आधीच लिहा, नाहीतर अर्ध्या वाटेत नवीन मागणी निघते. पैसे माल आल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, पत्रे बसल्यावर असे द्या, आणि चौथा हिस्सा पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत राखून ठेवा. कुरकुर होईल, होऊ द्या. पावती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो.

घाईत मात्र कोणालाच न्याय मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत हजारो घरांची छपरे उडवली. सगळ्यांना एकाच आठवड्यात पत्रे हवे होते. टंचाई झाली, भाव चढले, मिळेल त्या माणसाकडून काम करून घ्यावे लागले. आपल्याकडे वळवाच्या वादळात दहा घरांचे पत्रे उडाले तरी तीच गत होते.

म्हणून ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंचांना एक विनंती. तालुक्यात प्रशिक्षण घेतलेले गवंडी आणि गावाने पारखलेले मिस्त्री यांची यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी, कोणाचे काम गळले तेही तिथेच बोलले जावे. ज्यांना त्या वर्षी छप्पर घालायचे आहे त्यांची नावे घेऊन पत्रे एकत्र मागवावेत. दहा घरांचा माल एका खेपेत आला तर वाहतूक वाटली जाते, दुकानदार दर कमी करतो आणि काट्यावर पत्रा चढवायला दहा माणसे हजर असतात.