विश्लेषण : स्वमग्न मुलांचा ‘त्रास’ एकसारखा नसतो, मग उपाय एकच कसा?

‘हुशार आहे, पण वर्गात बसत नाही, उलट बोलतो’ आणि ‘बोलत नाही, चावतो, भिंतीवर डोकं आपटतो’. स्वमग्न मुलांबद्दल शाळेतून येणाऱ्या तक्रारी बहुतेक या दोन प्रकारांत बसतात. जळगाव असो वा धुळे, दोन्ही घरांना सल्ला मात्र एकच मिळतो : जरा धाकात ठेवा.

स्वमग्नता म्हणजे मतिमंदत्व का?

नाही. स्वमग्नतेत अडचण असते ती संवादाची, माणसांत मिसळण्याची आणि आवाज, उजेड, स्पर्श सहन करण्याची. बौद्धिक अक्षमता ही वेगळी बाब असून काही मुलांमध्ये दोन्ही असतात. अमेरिकेतील ‘सीडीसी’ संस्थेने 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बुद्ध्यंकाची नोंद असलेल्या आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांपैकी सुमारे 40 टक्के मुलांचा बुद्ध्यंक 70 किंवा त्याहून कमी होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले त्या गटात नव्हती.

वर्तनात फरक काय?

बौद्धिक अक्षमताही असेल, तर मुलाकडे शब्द फार कमी असतात. मग वर्तन हीच त्याची भाषा होते. स्वतःला मारणे, चावणे, पळून जाणे या गटात जास्त दिसते. अचानक डोके आपटू लागलेल्या मुलाची दाढ किडलेली असू शकते, कान फुटलेला असू शकतो, चार दिवस पोट साफ झालेले नसू शकते. पण ‘असली मुलं असंच करतात’ म्हटले की तपासणी तिथेच थांबते. याहून मोठा अन्याय नाही.

बौद्धिक अक्षमता नसलेल्या मुलाचा त्रास बाहेरून दिसत नाही. वेळापत्रक बदलले, नेहमीची जागा गेली, मुलांनी चिडवले की त्याची चिंता वाढते. अनेक मुले शाळेत दिवसभर स्वतःला आवरून धरतात आणि घरी आल्यावर त्यांचा बांध फुटतो. शाळा म्हणते, ‘आमच्याकडे तर ठीक असतो.’ नातेवाईक म्हणतात, आईने लाडावून ठेवलाय. किशोरवयात नैराश्याचा धोकाही या मुलांना असतो.

खान्देशात काय अडते?

एक अडचण भाषेची. घरात अहिराणी, सातपुड्याच्या पट्ट्यात पावरी किंवा भिली, आणि बुद्धिमापन प्रमाण मराठीत. प्रश्नच न कळल्याने कमी झालेले गुण बुद्धीच्या खात्यावर जमा होऊ शकतात. शब्दांवर न बेतलेल्या चाचण्या असतात. त्या घ्या, असा आग्रह पालकांनी धरायला हरकत नाही. दुसरी अडचण अंतराची : शिरपूरहून धुळे, चोपड्याहून जळगाव, दोन्ही सुमारे 50 किलोमीटर. मेच्या उन्हात भरलेल्या एसटीतून आणलेले मूल तपासणीच्या टेबलाशी शांत बसेलच कसे? (लग्नाच्या वरातीतल्या डीजेबद्दल तर बोलायलाच नको.)

प्रमाणपत्र कोणाला मिळते?

‘मूल बोलते, मार्क मिळवते, म्हणजे प्रमाणपत्र मिळणार नाही’ हा समज चुकीचा आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आहे. त्यासाठी ‘इसा’ ही 40 मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात 70 च्या खाली गुण आले, तर स्वमग्नता नाही असे धरले जाते. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवूनही सुरुवात करता येते.

औषधाने बरे होते का?

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. रिस्पेरिडोनसारखी औषधे तीव्र चिडचिड आणि आक्रमकता कमी करतात, पण वजन वाढणे, सुस्ती येणे असे त्यांचे दुष्परिणाम आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती देऊ नयेत, परस्पर बंदही करू नयेत.

पालकांनी आधी काय करावे?

दोन आठवडे वहीत तीन गोष्टी लिहा : त्रासाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा काय टळले. सोबत झोप, जेवण आणि शौचाची नोंद ठेवा. त्रासाचा एखादा मोबाइल व्हिडिओ असेल तर उत्तमच. तपासणीच्या दिवशी मूल नेमके शांत बसले, तरी डॉक्टरांना घरी काय होते ते पाहता येईल.